नामदफाचा शिधा

ताडोब्याला जायचं तर गेट कुठलं, फेरी सकाळची की दुपारची आणि जिप्सीत सहावं कोण, एवढं ठरलं की झालं. जंगलात पाय टेकायचा प्रश्नच येत नाही. गाडीतून जायचं, गाडीतूनच पाहायचं आणि वेळ संपायच्या आत गेटबाहेर यायचं. देशातल्या बहुतेक व्याघ्र प्रकल्पांत हाच नियम आहे आणि तो असायलाच हवा. आपल्या सह्याद्रीतलं चांदोलीसुद्धा मुक्कामाला बंदच. त्यामुळे गडांच्या माच्यांवर आणि लेण्यांमध्ये वर्षानुवर्षं पथाऱ्या टाकलेल्या आमच्यासारख्यांना राष्ट्रीय उद्यानात तंबू लावून राहता येतं, हे कधी सुचलेलंच नव्हतं.

अरुणाचल प्रदेशातलं नामदफा याला अपवाद आहे. मियाओहून विजयनगरकडे जाणारा एक रस्ता सोडला तर आत गाडी शिरेल अशी जागा नाही. वनखात्याची परवानगी काढायची, वाटाड्या घ्यायचा, देबनला नोआ-दिहिंग नदी ओलांडायची आणि चालायला लागायचं. हल्दीबाडी, हॉर्नबिल, बुलबुलिया, फर्मबेस, रानी झील अशी मुक्कामांची नावं. तिथे गाव नाही, दुकान नाही, हॉटेल तर नाहीच. जंगलात जेवढी सपाट मोकळी जागा असेल तेवढीच. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी हा विषय निघाला आणि तेव्हापासून आम्हा चौघांच्या बोलण्यात दुसरं काही नाही. जानेवारीत निघायचं ठरलं आहे.

नकाशा पुढ्यात घेतला की पहिली जाणीव होते ती उंचीची. उद्यान सुमारे १,९८५ चौरस किलोमीटरचं, चांगलांग जिल्ह्यात, म्यानमारच्या सीमेला टेकलेलं. १९७२ साली अभयारण्य झालं, १९८३ साली राष्ट्रीय उद्यान आणि त्याच वर्षी व्याघ्र प्रकल्प. त्याचा सर्वांत खालचा भाग समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर आणि दफाबुमचं शिखर ४,५७१ मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे एकाच उद्यानाच्या हद्दीत खाली हॉलाँगचे सरळसोट वृक्ष, वेताच्या जाळ्या आणि रानकेळी, आणि वर हिवाळ्यात बर्फ. कर्कवृत्ताच्या इतक्या उत्तरेला, २७ अंशांच्याही वर, सखल भागातलं सदाहरित वर्षावन टिकून राहणं जगात फार थोड्या ठिकाणी घडलं आहे.

नामदफाबद्दल कुठेही वाचायला घेतलं की चार मोठ्या मांजरांचा उल्लेख आधी येतो: वाघ, बिबट्या, क्लाउडेड लेपर्ड आणि वरच्या बाजूला हिमबिबट्या. आम्ही मात्र वाघासाठी चाललेलो नाही. अपराजिता दत्ता, एम. ओ. आनंद आणि रोहित नानिवडेकर या वन्यजीव अभ्यासकांनी २००६-०७ मध्ये इथे कॅमेरे लावून पाहणी केली आणि २००८ साली निष्कर्ष छापले. त्यांच्या कॅमेऱ्यांत एकही वाघ आला नाही. सांबर, रानडुक्कर हे वाघाचं खाद्यही विरळच. झाडं उभी आहेत, पण शिकारीमुळे त्यांच्याखालचं जंगल रिकामं होत चाललं आहे, असं त्या पाहणीचं सांगणं होतं. पुढे काही वर्षांनी वाघ कॅमेऱ्यात आला आणि तो आला याचा आनंद आहेच. तरी वाघ दिसला नाही म्हणून जंगल बघायचं राहिलं असं मला वाटत नाही. ताडोब्यात वाघ दिसला नाही की परतताना जिप्सीत जी शांतता पसरते, ती मला नेहमी खुपत आली आहे.

तिथे ऐकण्यासारखं आणि पाहण्यासारखं इतकं आहे की यादी करता करता वही भरली. सकाळी उंच झाडांवरून हूलॉक गिबन एकमेकांना साद घालतात. भारतात माणूस सोडून वानरकुळातला हा एकच बिनशेपटीचा प्राणी. नर काळा, मादी भुरकट आणि दोघांच्याही भुवया पांढऱ्या. धनेशांच्या तर पाच जाती आहेत. कोकणात ज्याने महाधनेश उडताना ऐकला आहे त्याला पंखांचा तो आवाज पुन्हा ऐकायला हजारो किलोमीटर जावंसं का वाटतं हे सांगायला नको. नदीच्या पात्रात पांढऱ्या पोटाचा बगळा आहे, जो जगात आता अगदी मोजका उरला आहे. आणि एक उडती खार आहे, जी १९८१ साली देबनच्या परिसरात मिळालेल्या एका नमुन्यावरून विज्ञानाला माहीत झाली आणि त्यानंतर कित्येक वर्षं तेवढ्या एका नमुन्यापुरतीच राहिली. ती आम्हाला दिसेल असं मी म्हणत नाही. पण आपण रात्री ज्या झाडाखाली झोपू त्याच्या शेंड्यावर ती असूही शकते, एवढ्यानेही मला झोप लागणार नाही.

कागदपत्रांचं फार अवघड नाही. बाहेरच्या राज्यातल्या भारतीयांना अरुणाचलमध्ये शिरायला इनर लाइन परमिट लागतं. इंग्रजांनी १८७३ साली केलेल्या नियमातून ते आलं आणि आजही आहे. आता ते ऑनलाइन मिळतं. दिब्रुगडपर्यंत विमान, तिथून तिनसुकिया, दिगबोई, मार्गेरिटा, लेडो, जागून, मग नामचिकच्या नाक्यावर परमिट दाखवायचं आणि मियाओ. उद्यानाची परवानगी मियाओतल्या वनखात्याच्या कार्यालयात. फोटो, ओळखपत्रांच्या प्रती, बास.

वेळेचं गणित मात्र मुळापासून बदलावं लागलं. घड्याळ देशभर एकच, पण मियाओ पुण्याच्या बावीस रेखांश पूर्वेला आहे. जानेवारीत पुण्यात सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, तिथे साडेचारला. हे कागदावर वाचायला सोपं आहे. पण सह्याद्रीतली आमची सवय अशी, की सहापर्यंत मुक्कामाला पोहोचलो तरी तंबू लावायला उजेड मिळतो. वर्षावनात, झाडांच्या छताखाली, चार वाजताच अंधारून येणार. म्हणून दुपारी दोनला, जिथे असू तिथे, चालणं थांबवायचं असं ठरलं. तंबू, सरपण, पाणी, स्वयंपाक हे सगळं साडेचारच्या आत. आणि मग बारा-तेरा तासांची रात्र. आमच्यातल्या एकाने या लांब रात्रींसाठी पुस्तकं यादीत घातली होती. ती पुढे राहिली नाहीत, त्याचं कारण पुढे येतं.

आमची तयारी खरी सुरू झाली ती मियाओतल्या एका वाटाड्याशी फोन झाला त्या दिवशी. मी प्रश्नांची वही उघडून बसले होते. हूलॉक कुठल्या मुक्कामाजवळ, नदीला पाणी किती, हत्तींच्या वाटा कुठून जातात. त्याने आधी विचारलं, माणसं किती. मग वयं विचारली. मग म्हणाला, "तांदूळ किती घेणार, दीदी?"

मी चौघांचा हिशेब सांगितला.

"चौघांचा नाही. सगळ्यांचा."

सगळे म्हणजे कोण, ते त्याने शांतपणे मोजून दाखवलं. आम्ही चार, तो स्वतः, वनखात्याचा एक माणूस, स्वयंपाकाला एक आणि ओझ्याला पाच. बारा. ओझं घेऊन चालणारा माणूस दिवसातून तीनदा भात खातो, तेव्हा माणशी रोज पाऊण किलो तांदूळ धरा. म्हणजे दिवसाला नऊ किलो. पाच दिवस धरले तरी पंचेचाळीस किलो नुसता तांदूळ. एकाच्या पाठीवर वीस किलो धरलं तर दोन माणसं तांदळातच संपली, आणि ती दोन माणसंही जेवणारच आहेत. त्यांच्या जेवणासाठी आणखी तांदूळ, आणि तो उचलायला पुन्हा कुणीतरी.

गडावर जाताना हा प्रश्न आपल्याला पडत नाही. प्रत्येक जण आपली सॅक उचलतो, पायथ्याच्या वाडीत भाकरी-पिठलं मिळतं, फार तर वाडीतला एखादा दादा वाट दाखवायला येतो. तिथे आपलं ओझं आपल्याच खांद्यावर असतं आणि ते किती झालं हे खांदाच सांगतो. नामदफात आठवडाभराचं अन्न, भांडी, तंबू असं सगळं आम्ही चौघं, त्यातही पन्नाशी ओलांडलेली आणि एकाचा गुडघा कुरकुरणारा, उचलूच शकत नाही. म्हणजे यादीतली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी पाठीवर, कपाळाला अडकवलेल्या पट्ट्याच्या टोपलीतून जाणार. त्या फोननंतर आमची यादी मला वेगळीच दिसायला लागली. तोवर ती आम्हाला काय लागेल याची यादी होती.

पुढच्या रविवारी एका मित्राच्या घरी सोफा भिंतीला सरकवून सगळं सामान सतरंजीवर मांडलं. बॅगा तोलायचा हुकाचा काटा आणला. एक जण वस्तू लटकवायचा, दुसरी आकडा वाचायची, मी लिहायचे. तंबू बाहेरच्या आवरणासकट अडीच किलो. मोठी लेन्स आणि तिचा ट्रायपॉड मिळून पाच किलो आणि वर काही ग्रॅम. घडीच्या दोन खुर्च्या तीन किलो. बिडाचा तवा, थालीपिठासाठी म्हणून आणलेला, एकटाच पावणेतीन. पुस्तकांची पिशवी दीड किलो. आकडा वाचून झाला की खोलीत क्षणभर कुणी बोलायचं नाही, आणि मग वस्तू डावीकडे किंवा उजवीकडे जायची.

खुर्च्या गेल्या, तवा गेला, पुस्तकं गेली. ट्रायपॉड गेला आणि लेन्स राहिली, पण ती ज्याची त्याने स्वतःच्या सॅकमध्ये घ्यायची या बोलीवर. जीन्स आणि सुती कपडे सगळे काढले, कारण त्या दमट हवेत सुती कापड वाळतच नाही आणि ओलं कापड वाहून नेण्यात कसलाच अर्थ नाही. पाच लिटरचा कुकर मात्र वजनदार असूनही राहिला. गॅसचे छोटे सिलिंडर विमानात चालत नाहीत, तेव्हा स्वयंपाक चुलीवरच होणार. कुकर नसेल तर बारा माणसांची डाळ शिजायला जे सरपण लागेल, ते त्या जंगलातून गोळा करायचं. कुकरचं वजन तिथे फिटतं.

आता यादीतून वीसेक किलो कमी झालं की मनात लगेच येतं, चला, एक माणूस कमी झाला, त्याची मजुरी वाचली आणि त्याचा तांदूळही. मीही तसं बोलून गेले. तेव्हा मैत्रीण म्हणाली, "अगं, पण मजुरी वाचली म्हणजे कुणाची तरी बुडाली ना? हिवाळ्याचे चार महिने सोडले तर तिकडे कोण जातं?" यावर आम्ही बराच वेळ बोललो, आणि मला वाटतं या सगळ्या तयारीत तेच बोलणं सर्वांत महत्त्वाचं होतं. शेवटी ठरलं ते असं, की माणसं पाचच घ्यायची. सामान कमी झालं त्याचा फायदा आम्हाला पैशात नको. वीस किलोंच्या जागी सोळा किलोंची टोपली होऊ दे. ओल्या शेवाळलेल्या दगडांवरून, नाले ओलांडत, घसरणाऱ्या चढावर त्या चार किलोंचा फरक काय असतो, हे ज्याने भरली सॅक घेऊन भर पावसात एखादी घळ चढली आहे त्याला माहीत आहे.

मग यादी दुसऱ्या बाजूने वाढू लागली. आम्हाला तंबू, त्यांना काय? तिथली माणसं बांबू आणि पानांचा आडोसा झटपट उभा करतात हे खरं, पण जानेवारीतही तिकडे पाऊस होतो. म्हणून दोन चांगल्या ताडपत्र्या घेतल्या. मच्छरदाण्या बारा. चांगलांग जिल्ह्यात मलेरिया आहे आणि तो साधा नसतो. आम्ही आमच्यापुरता डॉक्टरांचा सल्ला घेऊन गोळ्या सुरू करणार आणि बरोबरची माणसं मात्र आडोशाखाली उघडी झोपणार, हे कुणाच्याच मनाला पटेना. ब्लँकेटं मियाओतच घ्यायची, म्हणजे विमानातलं वजनही वाढत नाही आणि परतताना ती ज्याची त्याला ठेवता येतात.

खाण्याचंही तसंच. मित्राच्या आईने, म्हणजे आमच्या काकूंनी, भाजणी करून द्यायचं कबूल केलं होतं. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, डिंकाचे लाडू, गूळ अशी त्यांची यादी तयार होती. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्याबरोबर जी माणसं येणार त्यांना हे आवडतं का, विचारलंत?" विचारलं नव्हतं. विचारल्यावर कळलं की लाडू चालतील, चटणी तर हवीच, पण भाजणी तुम्हीच खा. त्यांना भात, डाळ, उकडलेला पाला, भरपूर मिरची आणि सुकी मासळी लागते. मूळची मालवणची असलेली आमची मैत्रीण हे ऐकून खूश झाली. सुकी मासळी आता मियाओच्या बाजारातून येणार, आणि आमच्यातले दोघं शाकाहारी असल्यामुळे एक पातेलं वेगळं ठेवायचं, एवढंच.

चहा मात्र इथून अजिबात न्यायचा नाही असा माझा हट्ट आहे. मियाओच्या आसपास सिंगफो लोकांची वस्ती आहे, आणि आसामच्या चहाची गोष्ट त्यांच्यापासूनच सुरू होते. १८२३ साली रॉबर्ट ब्रूस या व्यापाऱ्याला बिसा गाम या सिंगफो प्रमुखाने आपल्याकडचा चहा दाखवला. मळे, कंपन्या, लिलाव हे सगळं नंतरचं. सिंगफो आजही पानं भाजून, उन्हात वाळवून, बांबूच्या नळकांड्यात ठासून भरतात आणि चुलीवरच्या धुरात ठेवतात. तो चहा नळकांड्यातून वडीसारखा बाहेर निघतो आणि चाकूने कापून उकळायचा. दूध-साखर नाही. बारा तासांच्या रात्री चुलीपाशी बसून प्यायला याहून योग्य दुसरं काही मला सुचत नाही. दुधाच्या पावडरचा डबाही त्यामुळे यादीतून गेला.

आता भीतीच्या गोष्टी. त्या टाळून तयारी होत नाही. देबनच्या पुढे फोन लागत नाही. उपग्रहावर चालणारा फोन किंवा संदेशयंत्र परदेशातले ट्रेकर सर्रास बाळगतात. भारतात परवान्याशिवाय ते जवळ ठेवणं गुन्हा आहे, आणि सीमेलगत तर विषयच नको. म्हणजे कुणाला काही झालं तर निरोप माणूसच घेऊन जाणार, पायी. जळवांचं मला फार वाटत नाही. आंबोली-कोयनेच्या पावसात त्यांची ओळख झालेली आहे आणि कोरड्या दिवसांत त्या कमी असतात. सापांचं वाटतं. आपल्याकडे सर्पदंशावर जी लस मिळते, मुंबईची हाफकिन बनवते तीसुद्धा, ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर तयार केलेली आहे. ईशान्येतले हिरवे चापडे आणि तिकडच्या मण्यारी वेगळ्या जातींच्या आहेत, त्यांच्यावर तिचा भरवसा धरता येत नाही. म्हणजे लस बरोबर नेली, बर्फात ठेवली, तरी ती उपयोगी पडेल असं नाही. उपाय एकच, चावून न घेणं: घोट्याच्या वर जाणारे बूट, अंधार पडल्यावर विजेरीशिवाय पाऊलही नाही, लाकूड उचलताना आधी काठी.

सुटकेची वाट आम्ही कागदावर लिहून काढली आहे. कुठल्या मुक्कामावरून देबनपर्यंत किती तास, आजारी माणसाला बांबूच्या झोळीतून आणायचं झालं तर त्याच्या दुप्पट, देबनहून मियाओ गाडीने, आणि गंभीर असेल तर थेट दिब्रुगडचं आसाम मेडिकल कॉलेज. १९४७ पासूनचं ते रुग्णालय त्या सगळ्या मुलखाचा आधार आहे. हा कागद लिहिताना पुन्हा तेच ध्यानात आलं: झोळी उचलायला चार खांदे लागतात, आणि ते आमचे नसणार.

मुक्काम कुठे टाकायचा हेही तिथल्या माणसावर सोपवलं आहे. हत्तींची वाट नव्या माणसाला ओळखता येत नाही. नदीकाठची वाळूची सपाट जागा आम्हाला कितीही आवडली तरी वरच्या डोंगरात पाऊस झाला की पाणी रात्रीत चढतं. याच कारणाने परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे सोडले आहेत. नदीने अडवलं तर अडून राहायचं. घाईने पात्रात उतरायचं नाही.

नामदफाबद्दल वाचत असताना मला ओझं वाहणाऱ्या माणसांचाच मुलूख जास्त दिसत गेला. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, मियाओपासून १५७ किलोमीटरवर, विजयनगर आहे. तीन बाजूंनी म्यानमार. तिथे आणि वाटेतल्या गांधीग्राममध्ये लिसू लोक राहतात, त्यांना योबिन असंही म्हणतात. आसाम रायफल्समधून निवृत्त झालेल्या सैनिकांची कुटुंबंही विजयनगरला वसवलेली आहेत. वर्षानुवर्षं तो रस्ता दरडींखाली आणि चिखलात हरवलेला होता. मीठ, साखर, तेल, औषध आणायला माणसं उद्यानातून दिवसचे दिवस चालत मियाओला यायची आणि पाठीवर भरून तशीच परत जायची. कोरड्या ऋतूत गाड्या जायला लागल्या त्या अगदी अलीकडे. आपण ज्या वाटेवर हौसेने तंबू घेऊन जाणार, त्या मुलखात एक पिढी किलोभर मिठासाठी चालली आहे.

लिसू आणि उद्यान यांचं नातं सरळ नाही. काही कुटुंबं उद्यानाच्या हद्दीत राहतात, शेती करतात. शिकारही होत आली आहे. वनखात्याशी त्यांचा वाद जुना आहे. वाघ का दिसत नाही याचं उत्तर शोधताना बोट त्यांच्याकडे जातं, आणि ते पूर्ण चुकीचंही नाही. पण ज्यांना डॉक्टर नाही, शाळा नाही, रस्ता नाही, त्यांना जंगल राखा एवढंच सांगून भागत नाही. हे ज्यांनी वेळेवर ओळखलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन या संस्थेच्या लोकांनी लिसू गावांत शाळा आणि आरोग्यापासून काम सुरू केलं आणि त्याच गावांतली माणसं सोबत घेऊन वन्यजीवांचा अभ्यास केला. जंगलातली खूण ज्याला वाचता येते तोच ती राखूही शकतो. आमच्याबरोबर येणाऱ्या माणसांना चांगली मजुरी मिळाली, तर त्या वाटेवर हूलॉक जिवंत असण्याचा त्यांना थोडा तरी उपयोग होतो. एका सहलीने मोठं काही घडत नाही हे मला कळतं. तरी पैसे कुठे खर्च करायचे हे ठरवायची वेळ आली तेव्हा हॉटेलची खोली साधी घेतली आणि मजुरीत घासाघीस न करण्याचं ठरवलं.

किती आत जायचं यावर मात्र आमच्यात मतभेद झाले. लेन्सवाल्या मित्राला पक्ष्यांसाठी अगदी शेवटच्या मुक्कामापर्यंत जायचं होतं. गळ्याशी हिमासारखा पांढरा ठिपका असलेली एक सातभाईच्या कुळातली चिमणी आहे, जी भारतात पाहायची तर नामदफाच गाठावं लागतं. त्याच्या मनात तीच. गुडघेवाल्याला हॉर्नबिलच्या मुक्कामापुढे जायचं नव्हतं. मी वाटाड्याला फोन केला. त्याने गुडघ्याची चौकशी केली, उतारावर दुखतो की चढावर ते विचारलं आणि म्हणाला, पुढे जाऊ शकाल, पण तांदूळ वाढेल. मग आम्ही हॉर्नबिल हाच मुख्य तळ करायचं ठरवलं. सामान एकदाच तिथवर न्यायचं, तिथेच राहायचं, आणि ज्याला पुढे बघायचं आहे त्याने सकाळी हलक्या पिशवीनिशी वाटाड्याबरोबर जाऊन दुपारपर्यंत परत यायचं. संध्याकाळी धनेश झाडांवर परततात ती वेळही त्यामुळे एकाच ठिकाणी, रोज मिळेल. मित्राने सातभाईसाठी थोडा वेळ मागितला, पण मान्य केलं.

यात एक प्रश्न उरला होता. तळ एकाच जागी असेल तर पाचही ओझेकऱ्यांना तिथे थांबवून ठेवायची गरज नाही. ते सामान पोहोचवून देबनला परत जातील आणि आम्ही निघायच्या दिवशी पुन्हा वर येतील. ओझं असेल त्या दिवसाची मजुरी, एवढंच धरून हिशेब मांडला तर त्यांचं रिकाम्या हाताने उतरणं आणि पुन्हा चढून येणं फुकटात जातं. मी वहीत दोन रकाने वाढवले, उतरण्याचा दिवस आणि चढण्याचा दिवस, दोन्हींपुढे पूर्ण मजुरी लिहिली आणि बेरीज पुन्हा केली. लेन्सवाल्या मित्राने ती तपासून बरोबर असल्याची खूण केली. आता तिकिटं काढायला हरकत नाही.